संशयाचा धर्म
(रिद्धपूर येथील व्याख्यानाची संहिता)



मराठीत एक जुनी म्हण आहे : 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची'. पिढ्यान्‌पिढ्या ती पाठ करून घेतली गेली. 'मानभावी' म्हणजे ढोंगी, वरून गोड आणि आतून कपटी, हा अर्थ शब्दकोशांत कायमचा बसला आणि सोज्ज्वळ म्हणविणारे लेखकही तो शब्द बिनदिक्कत वापरू लागले. चार शब्दांच्या या म्हणीने एका दगडात दोन पक्षी मारले आहेत. त्यांपैकी एक महानुभाव. दुसरा खाटकाचा धंदा करणारा. खाटीक हिंदूही असतात, हे खरे. पण 'कसाब' हा अरबी वळणाचा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो, हे वऱ्हाडातील माणसाला सांगावयास नको. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणाऱ्यांपैकी जो एकटा जिवंत सापडला, त्याचे आडनाव नेमके हेच निघाले, आणि शब्दावर आणखी एक पुट चढले.

ही म्हण रिद्धपुरात उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे. चक्रधरस्वामींनी ज्यांना गुरुस्थानी मानले ते गोविंदप्रभू याच गावी राहिले. चक्रधरांच्या पश्चात नागदेवाचार्यांसह त्यांचा परिवार येथेच आला आणि म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्या तोंडून आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथाकडे बोट दाखवून सांगितला जातो, तो हा ग्रंथ. म्हणूनच शासनाने मराठी भाषेचे विद्यापीठ या गावी स्थापन केले. अहिंसा हे ज्यांच्या आचाराचे मूळ, ज्यांनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, ज्यांचे गोविंदप्रभू मातंगांच्या घरी जात आणि त्यामुळे 'राऊळ विटाळले' अशी ओरड होई, त्या पंथाचे नाव ढोंगीपणाला कसे चिकटले? कोणी चौकशी केली होती काय? पुरावा गोळा केला होता काय? तसे काही घडले नव्हते. वर्णव्यवस्थेला न मानणारे, काळी वस्त्रे नेसणारे, निराळ्या रीतीने देवाचे नाव घेणारे लोक गावात आहेत, एवढेच पुरे झाले. संशय आधी जन्मला आणि त्याचे पुरावे नंतर शोधले गेले.

त्यातील सर्वांत बोधप्रद भाग पुढचा आहे. संशयाला कंटाळून म्हणा, भिऊन म्हणा, पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले. ज्यांना ते वाचता येईनात त्यांनी मग निष्कर्ष काढला की, झाकून ठेवतात त्याअर्थी काहीतरी काळेबेरे असलेच पाहिजे! संशयाने गुप्तता आणली आणि गुप्ततेने संशयाला खतपाणी घातले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचे कोडे उलगडले, पुढे डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या विदर्भातील संशोधकांनी आयुष्य वेचून ते ग्रंथ उजेडात आणले. काळ्या पेटीत काय निघाले? महाराष्ट्राचे आद्य गद्य निघाले. म्हण मात्र अद्याप मागे घेतली गेलेली नाही.

आजच्या महाराष्ट्रात या संशयाने मानभावांना सोडले आहे आणि मुसलमानांना पुरते धरले आहे. फरक एवढाच की, त्याच्या हाती आता नुसती म्हण नाही. बेड्या आहेत, तुरुंग आहेत आणि जामीन न देणारे कायदे आहेत. मालेगावच्या दोन खटल्यांचा इतिहास या दृष्टीने सावकाश वाचला पाहिजे.

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून जे विणकर दक्षिणेकडे सरकले, त्यांच्या वंशजांनी ते वाढविले. 8 सप्टेंबर 2006 हा शुक्रवार होता आणि शब-ए-बरातचा दिवस. मुसलमान त्या दिवशी आपल्या मृत आप्तांच्या कबरींवर जातात. दुपारची नमाज सुटता सुटता मोठ्या कबरस्तानाजवळच्या हमीदिया मशिदीच्या आवारात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली. त्यांत मुले होती, दारात बसलेले भिकारी होते. मेलेले जवळजवळ सर्व मुसलमान. आणि काही आठवड्यांतच दहशतवादविरोधी पथकाने जे नऊ जण पकडले, तेही सर्व मुसलमान!

वाचकाने क्षणभर थांबून विचारावे की, आपल्याच धर्माच्या पवित्र दिवशी, आपल्याच कबरस्तानात, आपल्याच गावची मुले हे लोक का मारतील? तपास करणाऱ्यांना हा प्रश्न पडला नाही असे नाही. त्यांनी त्याचे उत्तरही तयार ठेवले होते. दोन समाजांत तेढ माजावी म्हणून मारली, असे ते उत्तर. आरोपींपैकी एक जण त्या दिवशी मालेगावहून शेकडो किलोमीटर दूर, यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी गावी नमाज पढवीत होता, असे त्या गावचे लोक सांगत होते. दुसरा एक तर स्फोटाच्या आधीपासून मुंबई पोलिसांच्याच ताब्यात होता. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा जो कायदा 'मोक्का' या नावाने ओळखला जातो, त्याखाली पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात धरता येतो. तसे कबुलीजबाब झाले. आरोपींनी ते नाकारले. केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास गेला, त्या विभागानेही तीच कथा पुढे चालविली.

डिसेंबर 2010 मध्ये स्वामी असीमानंद यांनी दिल्लीच्या दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला आणि मालेगावसह अनेक स्फोटांमागे हिंदुत्ववादी गटाचा हात असल्याचे सांगितले. पुढे त्यांनी तो जबाब फिरविला आणि निरनिराळ्या खटल्यांतून ते निर्दोषही सुटले, हेही येथेच नमूद केले पाहिजे. परंतु त्या जबाबामुळे मालेगावची फाईल पुन्हा उघडली. राष्ट्रीय तपास यंत्रणेने 2011 मध्ये तपास हाती घेतला, नोव्हेंबर 2011 मध्ये नऊ जणांना जामीन मिळाला, 2013 मध्ये वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र दाखल झाले. 25 एप्रिल 2016 रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठही जणांना आरोपमुक्त केले. आपल्याच लोकांना शब-ए-बरातच्या दिवशी मारण्याचे मुसलमानांनी ठरविले असेल, हे न्यायालयाला असंभाव्य वाटले. जो प्रश्न कोणत्याही शहाण्या गावकऱ्याला पहिल्या दिवशी पडला असता, तो सरकारी कागदावर येण्यास साडेनऊ वर्षे लागली. नववा आरोपी तोवर अपघातात मरण पावला होता.

निरपराधांची पाच वर्षे गेली, एवढीच या गोष्टीची हानी नव्हे. ज्या दिवशी चुकीच्या माणसाच्या हाती बेडी पडते, त्या दिवशी खऱ्या खुन्याला सरकारी अभय मिळते. पाच वर्षे तपास भलत्या दिशेने धावला. साक्षीदारांची स्मृती पुसट झाली, धागेदोरे तुटले. मालेगावच्या कबरस्तानातील मुलांना कोणी मारले, याबद्दल आजपर्यंत एकही माणूस दोषी ठरलेला नाही. मुसलमानांविषयीचा पूर्वग्रह ही केवळ मुसलमानांवरील आपत्ती आहे, असे समजणाऱ्या सज्जन हिंदूने हे ध्यानात घ्यावे. पूर्वग्रहासारखा सुरक्षित आडोसा दहशतवाद्याला दुसरा मिळत नाही.

हा केवळ हिंदुस्थानी रोग नव्हे. 21 नोव्हेंबर 1974 रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातील दोन दारूच्या गुत्त्यांत स्फोट होऊन 21 माणसे मेली. आयरिश बंडखोरांविरुद्धच्या संतापात सहा आयरिश माणसे पकडली गेली, मारहाण करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आले आणि 1975 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. ते निर्दोष ठरून सुटले 1991 मध्ये. खरे गुन्हेगार कधीच शिक्षेपर्यंत पोहोचले नाहीत. ज्या देशाच्या न्यायपद्धतीची प्रत येथे वापरली जाते, त्या देशाची ही गत. तेथे तेव्हा आयरिश कॅथलिक जे होते, ते आता मुसलमान झाले आहेत.

मालेगावचा दुसरा खटला 29 सप्टेंबर 2008 चा. रमजानचा महिना, भिक्खू चौक, मोटारसायकल, सहा मृत, सुमारे शंभर जखमी. या वेळी दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे होते. वर्ध्यात वाढलेला आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा विदर्भाचा सुपुत्र ठराविक वाटेने गेला नाही. मोटारसायकलीचा माग काढीत तो एका साध्वीपर्यंत आणि लष्करातील एका विद्यमान लेफ्टनंट कर्नलपर्यंत पोहोचला. त्यावर जे काहूर उठले ते अनेकांना आठवत असेल. 26 नोव्हेंबरच्या रात्री करकरे पाकिस्तानी अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या तपासातील मुख्य आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर यांनी एप्रिल 2019 मध्ये, निवडणुकीच्या प्रचारात, आपल्या शापाने करकरे मेले असे उद्‌गार काढले. आणि भोपाळने त्यांना लोकसभेवर पाठविले.

खटल्याचे पुढे काय झाले? राष्ट्रीय तपास यंत्रणेने सौम्य भूमिका घेण्यास सांगितले, असे विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जून 2015 मध्ये जाहीरपणे सांगितले. 2016 मध्ये त्या यंत्रणेने ठाकूर यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचे पुरवणी आरोपपत्र दिले. न्यायालयाने तरीही खटला चालविला. तीनशेवर साक्षीदार तपासले गेले, तीसहून अधिक उलटले. 31 जुलै 2025 रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. स्फोट झाला हे सिद्ध झाले, पण बॉम्ब त्याच मोटारसायकलीत होता हे सिद्ध झाले नाही; संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. समाजवादी माणसाने या तत्त्वाशी वाद घालू नये. आणीबाणीत 'मिसा'खाली ज्यांना नुसत्या संशयावरून डांबले, त्यांच्या पक्षाला तर ते तत्त्व प्राणांहून प्रिय असले पाहिजे. आरोपी नावडता आहे म्हणून पुरावा कमी लागतो, असे म्हणावयाचे तर मग मालेगावच्या नऊ जणांची बाजू कोणत्या तोंडाने घ्यावयाची?

प्रश्न आहे तो हे तत्त्व सर्वांना सारखे लागू होते काय, हा. त्याच महिन्यात, दहा दिवस आधी, मुंबई उच्च न्यायालयाने 11 जुलै 2006 च्या लोकल गाड्यांतील स्फोटांचा निकाल दिला. त्या स्फोटांत पावणेदोनशेहून अधिक प्रवासी ठार झाले होते. खालच्या न्यायालयाने 2015 मध्ये बारा जणांना दोषी ठरविले, पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांपैकी एक जण कोरोनाच्या साथीत नागपूरच्या तुरुंगात आधीच मरण पावला होता. काही जण येथून हाकेच्या अंतरावर, अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात होते. सुटलेल्यांत मालेगावच्या 2006 च्या खटल्यातून आरोपमुक्त झालेले दोघेही होते. म्हणजे दोन निरनिराळ्या स्फोटांसाठी त्यांना धरले होते आणि दोन्हींतून ते सुटले.

दोन्ही निकाल एकाच तत्त्वावर उभे होते : सिद्ध झाले नाही म्हणून सोडले. पण राज्यकर्त्यांची मुद्रा पाहा. पहिला निकाल मुख्यमंत्र्यांना धक्कादायक वाटला, शासन लागलीच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 24 जुलै रोजी त्या न्यायालयाने, सुटलेल्यांना परत तुरुंगात न धाडता, निकालाचा दाखला म्हणून उपयोग करण्यास स्थगिती दिली. दुसऱ्या निकालाचे त्याच मुख्यमंत्र्यांनी स्वागत केले. त्याविरुद्ध सप्टेंबर 2025 मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली ती स्फोटात मेलेल्यांच्या नातेवाइकांनी. गाडीत मेलेला प्रवासी आणि भिक्खू चौकात मेलेला माणूस हे दोघेही याच राज्याचे नागरिक होते. एकाच्या खुन्याचा शोध शासन स्वतः घेते आणि दुसऱ्याच्या बापाने वकील शोधावयाचा, ही कोणती समता?

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'भगवा दहशतवाद' हा शब्दप्रयोग काही पुरोगाम्यांनी रूढ केला, तोही टाकून देण्याच्या लायकीचा आहे. भगवा हा वारकऱ्याच्या पताकेचा रंग आहे. तो बॉम्ब करणाऱ्यांना आंदण देण्याचा अधिकार कोणालाही नाही. 'इस्लामी दहशतवाद' म्हणू नका असे सांगणाऱ्याने दुसऱ्या बाजूला तीच चूक करावी, हे हास्यास्पद आहे. येथे खरा प्रतिपक्षी धर्म नाही. एका समाजाला देशाबाहेरचा ठरवून सत्ता मिळवू पाहणारे अतिउजवे राजकारण हा तो प्रतिपक्षी आहे.

शब्द किती जड असतात हे अकोल्याच्या न्यायालयात दिसले. 2015 च्या बकरी ईदला, यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे गोमांसबंदीच्या रागातून एका तरुणाने पोलिसांवर चाकूने हल्ला केला. हल्ला निंद्य होता, त्याबद्दल शिक्षा योग्यच होती. पण त्यावर दहशतवादाचा कायदा लावण्यात आला आणि आणखी दोघांना त्यात गोवण्यात आले. मे 2019 मध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयाने तिघांनाही दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले. हल्ल्याबद्दल एकाला तीन वर्षांची शिक्षा झाली, जी त्याने आधीच भोगली होती. 'जिहाद' या अरबी शब्दाचा अर्थ झगडणे, धडपडणे असा आहे आणि तो शब्द उच्चारला एवढ्याने कोणी दहशतवादी ठरत नाही, असे न्यायाधीशांनी नोंदविले. 'मानभावी' शब्दाचा खरा अर्थ सांगावयास असा न्यायाधीश महानुभावांना कधी भेटला नाही.

वऱ्हाडाची हवा अलीकडे कशी बिघडत गेली, हे श्रोत्यांनी स्वतः पाहिले आहे. 12 नोव्हेंबर 2021 रोजी त्रिपुरातील घटनांच्या निषेधार्थ अमरावतीत मुसलमानांचा मोर्चा निघाला, त्यातील काहींनी दुकानांवर दगडफेक केली. दुसऱ्या दिवशी भारतीय जनता पक्षाने बंद पुकारला आणि जमावाने मुसलमानांची दुकाने जाळली. संचारबंदी आली. एप्रिल 2022 मध्ये अचलपुरात झेंड्यावरून दंगल, मे 2023 मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरील मजकुरावरून दंगल आणि एक मृत्यू. मधल्या काळात, जून 2022 मध्ये, अमरावतीच्या एका औषधविक्रेत्याचा समाजमाध्यमावर लिहिलेल्या मजकुराच्या रागातून गळा चिरून खून करण्यात आला. हा खून अमानुष होता आणि त्याचे समर्थन करणारा कोणीही, कोणत्याही धर्माचा असो, समाजवाद्यांचा मित्र नव्हे. मुस्लिम समाजातील कट्टरतेविरुद्ध बोलण्याचा अधिकार समाजवाद्यांनी हमीद दलवाईंच्या सोबतीने कमावलेला आहे. दलवाईंनी 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण उभे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण खून करणाऱ्यांचा हिशेब त्यांच्या गल्लीतील भाजीवाल्याकडून वसूल करावयाचा, या न्यायाला दलवाईंनीही न्याय म्हटले नसते.

ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत हेच घडते आहे. 29 जुलै 2024 रोजी साउथपोर्ट गावी एका सतरा वर्षांच्या मुलाने तीन लहान मुलींना भोसकून मारले. तो मुसलमान निर्वासित आहे, अशी खोटी बातमी काही तासांत पसरली. मुलगा वेल्समध्ये जन्मलेला, आईबाप रवांडातून आलेले. पण सत्याला वेळ लागतो आणि दगडाला लागत नाही. दुसऱ्याच दिवशी गावच्या मशिदीवर हल्ला झाला आणि आठवडाभर इंग्लंडमधील शहरे पेटत राहिली. अतिउजव्या गटांनी मेलेल्या मुलींच्या शोकाचा उपयोग सरपण म्हणून केला.

त्याच ब्रिटनमधली दुसरी घटनाही सांगितली पाहिजे. 19 जून 2017 च्या मध्यरात्री लंडनच्या फिन्सबरी पार्क भागात, रमजानची नमाज आटोपून घरी निघालेल्या मुसलमानांवर एका गोऱ्या माणसाने व्हॅन घातली. एक जण ठार झाला, अनेक जखमी झाले. जमावाने हल्लेखोराला खाली पाडले. तेव्हा मशिदीचे इमाम मोहम्मद महमूद मध्ये पडले, त्यांनी जमावाला रोखून धरले आणि हल्लेखोराला जिवंत पोलिसांच्या स्वाधीन केले. न्यायालयात पुरावा झाला, जन्मठेप झाली. हल्लेखोर जिवंत राहिला म्हणूनच त्याच्या डोक्यात हे विष कोठून आले याची उघड न्यायालयात चिकित्सा होऊ शकली. ज्यांना दहशतवादाविरुद्ध खरोखर लढावयाचे आहे, त्यांनी त्या इमामाचे नाव लक्षात ठेवावे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे यातून निघणारे काम साधे आणि कंटाळवाणे आहे. अफवा उठली की दोन तासांत गावात पोहोचणे. जळालेल्या दुकानाचा पंचनामा होतो की नाही ते पाहणे. साक्षीदार उलटू नयेत म्हणून त्यांच्या घरी जाऊन बसणे, कारण तीस-तीस साक्षीदार उलटतात ते केवळ पैशाने नव्हे, एकटेपणानेही. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पकडलेल्याला जामीन मिळणे जवळजवळ अशक्य करणारे कलम रद्द व्हावे म्हणून लढणे. मग त्या कलमाखाली आत गेलेला मौलवी असो, साध्वी असो वा आदिवासींत काम करणारा कार्यकर्ता असो.

आणि भरपाईचा प्रश्न. 31 जुलै 2025 च्या निकालात न्यायालयाने मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश दिला. सतरा वर्षांनंतरचे दोन लाख! पण निदान आकडा तरी आहे. चुकीने डांबलेल्यांसाठी तोही नाही. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये आपला 277 वा अहवाल याच विषयावर दिला आणि अन्याय्य खटल्याला बळी पडलेल्यांना भरपाई मिळण्याचा हक्क कायद्याने द्यावा अशी शिफारस केली. ती शिफारस कागदावरच आहे. 2024 च्या जुलैत जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. पुरेशा कारणावाचून दुसऱ्याला अटक घडवून आणणाऱ्याकडून मिळणाऱ्या भरपाईचे जुने कलम तिच्यातही उतरले आहे, आणि त्या भरपाईची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे.